अनेक संकेतस्थळे, एक सर्व्हर : मुक्तस्रोत पॅनेल निवडताना नेमके काय पाहावे?

वेण्णाकाठ (धागालेखक)

नमस्कार. आम्ही दोघेजण सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळा, सार्वजनिक वाचनालये, पतसंस्था आणि दोन-तीन छोटे प्रकाशक अशा साधारण चाळीस संस्थांची संकेतस्थळे सांभाळतो. त्यांतील बहुतेक वर्डप्रेसवर आहेत, पाच-सहा ड्रुपल या तशाच दुसऱ्या साधनावर आहेत आणि काही नुसत्या एचटीएमएल पानांची आहेत. ही शेवटची कित्येक वर्षांत कोणी बदललेली नाहीत, पण बंद करू म्हटले की संस्थेचे अध्यक्ष हमखास नको म्हणतात.

आजवर हा सारा पसारा एका विकतच्या पॅनेलवर, म्हणजे सर्व्हरवरची स्थळे, मेल आणि खाती पडद्यावरून सांभाळण्याच्या साधनावर, चालत होता. त्याचा परवाना खात्यांच्या संख्येवर ठरतो, त्यामुळे एखादी नवी शाळा जोडली गेली की तिच्याकडून येणाऱ्या वार्षिक रकमेचा मोठा वाटा परवान्यातच जातो. म्हणून आता मुक्तस्रोत साधनांकडे वळायचे ठरवले आहे. सर्व्हर एकच असून त्यावर ८ जीबी मेमरी आहे आणि डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवलेले आहे. प्रत्येक संस्थेला स्वतंत्र लॉगिन हवा, शाळेतील लिपिकाला मेलचा पासवर्ड आम्हाला फोन न करता बदलता यायला हवा, आणि आमच्यापैकी एकजण गावी गेला तरी दुसऱ्याला सगळे निभावता यायला हवे, एवढ्याच आमच्या अपेक्षा आहेत.

व्हर्च्युअलमिन, आयएसपीकॉन्फिग आणि हेस्टिया ही नावे समोर आहेत. ड्रुपलसाठी एजिरचे नाव एका मित्राने सुचवले. त्याखेरीज, सगळ्या शाळा एकाच वर्डप्रेस मल्टिसाइटमध्ये (एकाच स्थापनेवर अनेक स्थळे चालवण्याच्या सोयीत) घातल्या तर पॅनेलची गरजच उरणार नाही, असाही एक विचार मनात आहे. जाणकारांनी कृपया आपली मते कारणांसह मांडावीत. 'अमुक सर्वांत चांगले' एवढ्यावर थांबू नये, ही विनंती.

दगडीपूल

मल्टिसाइटबद्दल आधी लिहितो, कारण तो निर्णय पॅनेलच्या निवडीपेक्षा खोलवर जाणारा आहे आणि नंतर उलटवणे कठीण असते.

वर्डप्रेसमध्ये ही सोय जून २०१० च्या ३.० आवृत्तीपासून मूळ आज्ञावलीतच आहे. त्याआधी ती वेगळ्या प्रकल्पाच्या रूपात होती. तिची रचना अशी की, फायली सर्वांच्या एकच, डेटाबेसही एकच, आणि प्रत्येक उपस्थळासाठी लेखांची, पर्यायांची, टिप्पण्यांची तक्ती क्रमांक लावून वेगळी केलेली असतात. वापरकर्त्यांचे तक्ते मात्र एकच असते. एकदा अपडेट केले की सगळी स्थळे अद्ययावत होतात, हा मोठा फायदा आहे. एकाच शिक्षणसंस्थेच्या वीस शाखा असतील, स्थळांचे रूप एक, मुख्य कार्यालय एक आणि कोणती प्लगइन चालतील हे ठरवणाराही एक, तर मल्टिसाइट उत्तम चालते. विद्यापीठांचे विभाग तशाच रीतीने चालवले जातात.

आपले ग्राहक मात्र परस्परांशी संबंध नसलेले आहेत. त्यांना मल्टिसाइटमध्ये घालणे म्हणजे चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांना एकच नळ देण्यासारखे आहे. एका पतसंस्थेला जुने प्लगइन हवे म्हणून पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिची) आवृत्ती अडून बसली, तर बाकीच्या एकोणचाळीस अडतात. उद्या एखादी शाळा म्हणाली की आम्हाला आमचे स्थळ दुसरीकडे न्यायचे आहे, तर तिची तक्ती वेगळी काढणे, सामायिक वापरकर्त्यांतून तिचे लोक निवडणे आणि अपलोडचे मार्ग बदलणे, हे सगळे हाताने करावे लागते. स्वतंत्र वर्डप्रेस असेल तर तेच काम एक फोल्डर आणि एक डेटाबेस उचलण्याइतके सोपे राहते.

सगळीकडे एकदम अपडेट करण्याची सोय मल्टिसाइटशिवायही मिळते. डब्ल्यूपी-सीएलआय हे आज्ञापटलावरचे साधन प्रत्येक स्थळाला टोपणनाव देऊ देते आणि त्या नावांच्या गटावर एकच आज्ञा चालवता येते. पडद्यावर बसून काम करायला आवडत असेल तर मेनडब्ल्यूपी हे जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याचे साधन स्वतःच्याच एका वर्डप्रेसवर बसवता येते. बाकीच्या स्थळांवर त्याचे छोटे प्लगइन टाकले की कोणाचे काय शिळे झाले आहे ते एका पानावर दिसते.

रातकिडा

दगडीपूल यांच्याशी सहमत. त्यात भर घालतो.

पॅनेल कोणतेही घ्या, पण पहिला प्रश्न असा विचारा की दोन स्थळांच्या मध्ये भिंत आहे का. स्वस्तातल्या किंवा हाताने उभारलेल्या अनेक सर्व्हरवर सर्व स्थळांचे पीएचपी एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालते. अशा ठिकाणी एका वाचनालयाच्या जुन्या गॅलरी-प्लगइनमधून कोणी आत शिरला, तर त्याला शेजारच्या पतसंस्थेची डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल वाचता येते, तीत तिच्या डेटाबेसचा पासवर्ड उघडाच असतो आणि पुढचे सांगायला नको. चाळीस स्थळांपैकी ज्याची देखभाल सर्वांत कमी होते, तेवढीच सुरक्षितता मग सर्वांची असते.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. प्रत्येक स्थळाला लिनक्सचा वेगळा वापरकर्ता द्यायचा आणि त्याच नावाने चालणारा पीएचपी-एफपीएमचा वेगळा पूल, म्हणजे पीएचपी प्रक्रियांचा गट, द्यायचा. आपण नोंदवलेल्या तिन्ही पॅनेलांत हे होते, पण ते कोणत्या पातळीवर होते ते पाहावे लागते. हेस्टियात लिनक्सचा वापरकर्ता ग्राहकाचा असतो, म्हणजे एकाच ग्राहकाखाली दहा डोमेन टाकली तर ती एकमेकांपासून वेगळी राहत नाहीत. आयएसपीकॉन्फिगमध्ये प्रत्येक स्थळाला स्वतःचा वापरकर्ता मिळतो आणि ग्राहकासाठी गट असतो. त्यामुळे हेस्टिया घेतले तर आळस न करता प्रत्येक संस्थेसाठी वेगळे खाते उघडा, आणि 'अ‍ॅडमिन' खात्याखाली एकही स्थळ ठेवू नका.

वेगळ्या पूलची किंमत मेमरीत मोजावी लागते. वर्डप्रेसची एक पीएचपी प्रक्रिया साधारण ६० एमबी खाते असे धरू. प्रत्येक पूलला ५ प्रक्रियांची मर्यादा दिली तर ४० स्थळांच्या २०० प्रक्रिया होतात, म्हणजे १२ जीबी. आपल्याकडे आहेत ८, आणि त्यांतच डेटाबेस व मेल बसवायचे आहेत. म्हणून पूलची पद्धत 'ऑनडिमांड' ठेवावी. मग वाचक आला तरच प्रक्रिया जन्माला येते आणि ठरलेला वेळ रिकामी बसली की संपते. शाळेच्या स्थळाला दिवसभरात फारसे वाचक नसतात, त्यामुळे एरवी काही जाणवत नाही. अडचण येते ती सगळ्या स्थळांची पाने एकाच वेळी ओरबाडणारे यंत्रमानव आले की. त्यांना वेबसर्व्हरच्या पातळीवर वेगमर्यादा घालणे आणि पानांचा कॅशे (तयार पानांची साठवण) ठेवणे, या दोन गोष्टी पॅनेलच्या निवडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

शाईपेन

एजिरचा उल्लेख वाचून बरे वाटले, कारण अनेक स्थळे सांभाळण्याचा प्रश्न त्या प्रकल्पाने जितक्या विचारपूर्वक मांडला तितका फार थोड्यांनी मांडला असेल.

एजिरची पहिली स्थिर आवृत्ती २०११ साली आली. त्याच्या रचनेत 'प्लॅटफॉर्म' म्हणजे ड्रुपलच्या आज्ञावलीची एक प्रत, आणि त्या प्लॅटफॉर्मवर बसलेली अनेक स्थळे. नवी सुरक्षा-आवृत्ती आली की जुन्या प्लॅटफॉर्मला हात लावायचाच नाही. शेजारी नवा प्लॅटफॉर्म उभा करायचा आणि एकेक स्थळ इकडून तिकडे स्थलांतरित करायचे. एजिर आधी बॅकअप घेते, मग डेटाबेस अद्ययावत करते, आणि मध्येच काही बिघडले तर स्थळ होते तिथे परत ठेवते. ही सोय नसती तर ऑक्टोबर २०१४ मध्ये अनेकांची धडगत नव्हती. त्या महिन्याच्या १५ तारखेला ड्रुपल ७ मधील डेटाबेसविषयक गंभीर त्रुटी जाहीर झाली. पुढे ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने स्पष्ट सांगितले की, घोषणेनंतर ७ तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपले स्थळ फुटले आहे असेच गृहीत धरावे. शंभर स्थळे हाताने सात तासांत कोण दुरुस्त करणार?

तरीही आज नव्याने एजिर उभारा असे मी म्हणणार नाही. त्याच्या तिसऱ्या पिढीचे नियंत्रणफलक हे स्वतःच ड्रुपल ७ वर बांधलेले स्थळ आहे, आणि ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. शिवाय ड्रुपल ८ पासून कंपोझर या पीएचपीची पॅकेजे जुळवणाऱ्या साधनाने स्थळे बांधण्याची रीत पडली. तीत प्रत्येक स्थळाचा अवलंबनांचा संच वेगळा असतो, त्यामुळे 'एक प्लॅटफॉर्म, अनेक स्थळे' हे गृहीतकच सैल झाले. पाच-सहा ड्रुपल स्थळांसाठी तर ते नकोच. कंपोझर, ड्रश (ड्रुपलचे आज्ञापटलावरचे साधन) आणि दोन फोल्डरांमधली एक सांकेतिक जोडणी, म्हणजे सिमलिंक, एवढ्यावर एजिरची मूळ कल्पना हाताने राबवता येते. नवी आवृत्ती नव्या फोल्डरमध्ये बांधा, डेटाबेसचा बॅकअप घ्या, जोडणी फिरवा. बिघडले तर जोडणी आणि डेटाबेस दोन्ही मागे न्या.

मु_पो_चिपळूण

मी जरा वेगळे म्हणतो. २०२६ साल चालू असताना पॅनेल हवेच कशाला? कूलिफाय किंवा डोकू ही कंटेनर चालवणारी साधने बसवा, प्रत्येक स्थळ डॉकरच्या स्वतंत्र कंटेनरमध्ये (आपापल्या बंद खोक्यात) टाका. भिंतीचा प्रश्न तिथेच सुटतो. डोकू २०१३ पासून आहे आणि दोन्ही खऱ्या अर्थाने मुक्तस्रोत आहेत.

रातकिडा

@मु_पो_चिपळूण, ज्यांच्या हातात आज्ञावली गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) आहे त्यांच्यासाठी आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. येथे मात्र लिपिक फोनवरून थेट फोटो चढवणार, कोणी तरी प्रशासन-पानावरून प्लगइन टाकणार, आणि मेलबॉक्सही हवेत. कूलिफाय आणि डोकू मेलबॉक्स सांभाळत नाहीत. त्यातून प्रत्येक स्थळाला वेगळा मारियाडीबी डेटाबेसचा कंटेनर दिला तर ८ जीबी कुठच्या कुठे जाईल, आणि सामायिक दिला तर निम्मे वेगळेपण तिथेच संपते. फोटोंवरून आठवले : १५ ऑगस्ट आणि स्नेहसंमेलन या दोन दिवशी डिस्क भरते, हे शाळांची स्थळे सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेल. मोबाइलमधले पाच-सहा एमबीचे फोटो शेकड्याने येतात. प्रत्येक खात्याला डिस्कची मर्यादा घालता येणे ही पॅनेलमधली मला सर्वांत उपयोगी वाटणारी सोय आहे.

वेण्णाकाठ

सर्वांचे आभार. मल्टिसाइट आणि एजिर हे दोन्ही विचार सोडून दिले आहेत. आता तीन पॅनेलांतच निवड करायची आहे. ती वर्षानुवर्षे वापरलेल्या कोणी सांगू शकेल का, की रोजच्या वापरात फरक नेमका कुठे पडतो? वैशिष्ट्यांचे तक्ते वाचले, तिन्हींत सगळेच आहे असे दिसते.

हिशेबनीस

तक्त्यांवरून निवड होत नाही हे खरे. मी पॅनेल एका प्रश्नावर जोखतो : खरी माहिती कुठे राहते? म्हणजे उद्या पॅनेल नादुरुस्त झाले, प्रकल्प बंद पडला किंवा मला ते काढूनच टाकावेसे वाटले, तर स्थळे चालू राहतील का, आणि त्यांची मांडणी मला पॅनेलविना वाचता येईल का?

व्हर्च्युअलमिन हे वेबमिनवर बसलेले आहे आणि वेबमिन १९९७ पासून आहे. त्याचा स्वभाव असा की ते अपाचे (वेब), पोस्टफिक्स (मेल), बाइंड (डीएनएस, म्हणजे डोमेन-नावांचे पत्ते) यांच्या मूळ फायलीच वाचते आणि त्यांतच बदल करते. आपण हाताने एखादी ओळ घातली तर ती पुढच्या वेळी पडद्यावरही दिसते. पॅनेल बंद केले तरी मागे राहतो तो नेहमीचा, कोणत्याही लिनक्स जाणणाऱ्याला समजेल असा सर्व्हर. याची दुसरी बाजू म्हणजे पडद्यावर पर्यायांचे अरण्य आहे. शाळेच्या लिपिकाला ते दाखवताना मर्यादित खाते करूनच दाखवावे. जीपीएल आवृत्तीत पुनर्विक्रेत्यांची खाती मिळत नाहीत, ती पैसे मोजून घ्यायच्या आवृत्तीत आहेत. आपल्याला त्यांची गरज दिसत नाही.

आयएसपीकॉन्फिगची रचना मला सर्वांत शिस्तीची वाटते. पडद्यावर आपण जो बदल करतो तो आधी डेटाबेसमधील एका नोंदतक्त्यात जातो. दर मिनिटाला रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरील सर्वोच्च, अधिकाराने एक वेगळी स्क्रिप्ट चालते, ती तक्त्यातील नव्या नोंदी वाचते आणि त्यांनुसार फायली लिहिते. म्हणजे इंटरनेटला तोंड देणारा भाग आणि रूटचे अधिकार असलेला भाग यांच्यामध्ये एक पायरी राहते. याच रचनेमुळे पुढे मेलसाठी वेगळा आणि वेबसाठी वेगळा सर्व्हर करायचा झाला तरी पडदा एकच राहतो, कारण प्रत्येक सर्व्हर आपापल्या नोंदी मुख्य सर्व्हरकडून उचलतो. मात्र बदल लागू व्हायला मिनिटभर लागते, आणि त्या मिनिटात अधीर माणूस तेच बटण तीनदा दाबतो. त्याच्या बीएसडी परवान्यामुळे वापरावर काही बंधन येत नाही. तयार केलेल्या मांडणी-फायलींत हाताने केलेले बदल पुढच्या लेखनात पुसले जातात, त्यासाठी साचे बदलावे लागतात.

हेस्टिया हाताळायला सर्वांत सोपे आणि दिसायला नीटस आहे. त्याच्या मुळाशी 'व्ही' अक्षराने सुरू होणाऱ्या शेकडो बॅश स्क्रिप्ट आहेत. पडद्यावरचे प्रत्येक बटण त्यांतलीच एखादी स्क्रिप्ट चालवते, त्यामुळे तीच कामे आपल्याला आज्ञापटलावरून किंवा ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमधून करता येतात. चाळीस खात्यांवर एकच बदल करायचा असेल तर चार ओळींचा लूप पुरतो. खात्यांची माहिती साध्या मजकूर-फायलींत राहते. ते डेबियन आणि उबुंटूवरच चालते आणि एकाहून अधिक सर्व्हर एका पडद्याखाली आणण्याची सोय डीएनएसपुरतीच आहे.

एक सर्व्हर, दोन माणसे आणि लिपिकांचा वापर हे पाहता मी हेस्टिया घेईन. पुढच्या दोन-तीन वर्षांत दुसरा सर्व्हर येणार असेल तर मात्र आजच आयएसपीकॉन्फिग.

दगडीपूल

हेस्टिया हे व्हेस्टा या पॅनेलमधून फुटून निघालेले आहे, हे सांगितले पाहिजे, कारण त्यामागे धडा आहे. एप्रिल २०१८ मध्ये व्हेस्टातील त्रुटीतून अनेक सर्व्हर ताब्यात घेतले गेले आणि इतरांवर हल्ले करायला वापरले गेले. त्याच वर्षी पुढे असेही उघड झाले की त्यांच्या स्थापना-स्क्रिप्टमध्येच कोणीतरी फेरफार करून प्रशासकांचे पासवर्ड बाहेर पाठवण्याची व्यवस्था केली होती. वेबमिनही यातून सुटलेले नाही. २०१९ मध्ये त्याच्या १.८९० ते १.९२० या आवृत्त्यांत मागचे दार सापडले, आणि ते मूळ आज्ञावलीत नसून पॅकेज बांधणाऱ्या यंत्रावर घातले गेले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेल या आणखी एका पॅनेलची पाळी आली. लॉगिन न करताच रूट मिळवून देणारी त्रुटी वापरून खंडणीखोरांनी फायली कुलूपबंद केल्या. त्या वेळी त्याचे वीस हजारांहून अधिक सर्व्हर इंटरनेटवर उघडे दिसत होते.

स्थापना-स्क्रिप्टची घटना सोडली तर बाकी तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. ज्यांनी पॅनेलचे पोर्ट सगळ्या जगाला खुले ठेवले होते, त्यांनाच बहुतेक फटका बसला. हेस्टियाचे ८०८३, वेबमिनचे १००००, आयएसपीकॉन्फिगचे ८०८०, ही पोर्ट फायरवॉलने बंद ठेवा आणि वायरगार्ड या खासगी जोडणीतूनच (व्हीपीएन) उघडा. 'मग लिपिक पासवर्ड कसा बदलणार?' हा प्रश्न रास्त आहे. मेलचा पासवर्ड राउंडक्यूब या वेबमेलच्या आतूनच बदलण्याची सोय तिन्ही पॅनेलांबरोबर जमवता येते, त्यासाठी लिपिकाला पॅनेलपर्यंत येण्याचे कारणच नाही.

आडवाटेवरचा

स्थलांतर करताना मराठी मजकुराचे काय होते, याविषयी कोणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून लिहितो.

२०१० च्या आगेमागे उभारलेल्या बऱ्याच मराठी स्थळांचे डेटाबेस लॅटिन-१ (रोमन लिपीपुरता अक्षरसंच) म्हणून नोंदलेले असतात, पण आत साठवलेले बाइट प्रत्यक्षात यूटीएफ-८ या सर्व लिप्यांच्या संचाचे असतात. जुना सर्व्हर दोन्हीकडे सारखीच चूक करत असल्यामुळे पानावर देवनागरी नीट दिसते. नव्या सर्व्हरवर आणले की शब्दांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरे उमटतात. अशा डेटाबेसचा डंप (सारा मजकूर एका फायलीत) लॅटिन-१ हेच संचनाव सांगून घ्यायचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर पडतात, मग फायलीतील संचनावाची घोषणा यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधले पूर्ण यूटीएफ-८) अशी बदलायची आणि नंतरच आत भरायची. हे करण्यापूर्वी एका लेखाचे शीर्षक हेक्समध्ये (बाइटांच्या आकड्यांत) पाहा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि पहिला बाइट नेहमी ई० असतो. तो तसा दिसला तर मजकूर शाबूत आहे. त्या जागी सी३ने सुरू होणारी जोडी दिसली तर मजकुराचे दुहेरी रूपांतर आधीच झालेले आहे आणि उपाय वेगळा करावा लागतो.

मायएसक्यूएल ८ वरून मारियाडीबीवर येत असाल तर आणखी एक अडथळा आहे. ८ चा मूळ कोलेशन-प्रकार (अक्षरांची तुलना व क्रम लावण्याचा नियम) मारियाडीबीच्या जुन्या आवृत्त्यांना ठाऊक नाही, त्यामुळे भरणा पहिल्याच तक्त्यावर थांबतो. डंपमध्ये त्याचे नाव बदलले की काम होते.

वर्डप्रेसच्या पत्त्यांबाबत एक बारीक पण त्रासदायक गोष्ट म्हणजे लेखाच्या स्लगसाठी (पत्त्यातील शीर्षकाच्या भागासाठी) २०० जागा असतात आणि देवनागरी स्लग टक्केवारी-चिन्हांत साठवला जातो. एका चिन्हाला ९ जागा लागतात, म्हणजे जेमतेम २२ चिन्हे मावतात. काना-मात्राही वेगळे चिन्ह म्हणूनच मोजले जातात. वाचनालयांच्या लांबलचक शीर्षकांचे पत्ते मध्येच तुटलेले दिसतात ते यामुळे. स्थलांतराच्या निमित्ताने कोणी ते 'सुधारायला' जाऊ नये, जुने दुवे मरतात.

आपल्याकडे .भारत डोमेन असलेली एखादी संस्था असेल (ही डोमेन २०१४ पासून मिळतात), तर पॅनेलमध्ये त्याचे प्युनीकोड, म्हणजे रोमन अक्षरांतले, रूपच टाका. देवनागरी नाव थेट टाकले तर कुठल्या तरी टप्प्यावर, बहुधा प्रमाणपत्राच्या, गाडे अडते.

हिशेबनीस

प्रमाणपत्रांवरून : फुकट प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची सूचना-मेल पाठवणे जून २०२५ मध्ये बंद केले. चाळीस डोमेनांपैकी एखाद्याने डीएनएस दुसरीकडे वळवले की त्याचे नूतनीकरण निमूटपणे फसते, आणि हे आपल्याला शाळेचा फोन आल्यावर कळते. अपटाइम कुमा हे देखरेखीचे साधन बसवून प्रत्येक डोमेनच्या प्रमाणपत्राची मुदत त्याला पाहायला लावा, आणि ते याच सर्व्हरवर बसवू नका. मार्च २०२९ पासून प्रमाणपत्रांची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे, त्यामुळे हाताने नूतनीकरण करायची सवय कोणाला असेल तर ती आत्ताच सुटावी.

दुसरे, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. डेबियनवर एनजिनएक्स आणि अपाचे या वेबसर्व्हरांचे लॉग मुळात रोज फिरतात आणि १४ फिरवण्यांनंतर पुसले जातात. लॉगरोटेटमधला तो आकडा बदला आणि पॅनेलने स्वतःची वेगळी लॉगरोटेट-फाइल टाकली आहे का तेही पाहा. पतसंस्था आपल्या ग्राहक आहेत, त्यांच्या लेखापरीक्षकांनी कधी तरी विचारले तर उत्तर तयार असावे.

शाईपेन

बॅकअपविषयी एवढेच. तिन्ही पॅनेल खातेनिहाय किंवा स्थळनिहाय बॅकअप घेतात, पण ते मुळात त्याच डिस्कवर पडतात. ते दुसरीकडे पाठवण्याची सोय तिन्हींत आहे, तरी पाठवण्याची किल्ली सर्व्हरवरच असते, म्हणून रूट मिळवलेला माणूस तिकडचेही पुसू शकतो. बोर्ग हे बॅकअपचे साधन घेऊन पलीकडच्या यंत्रावर 'फक्त भर घालण्याची' मुभा ठेवली तर हा मार्ग बंद होतो. रोजच्या नोंदीत बदललेले तुकडेच साठत असल्याने चाळीस स्थळांची कित्येक महिन्यांची आवर्तने थोड्या जागेत मावतात. पॅनेलचे बॅकअप मी स्थळ हलवण्यासाठी वापरतो आणि बोर्गचे संकटासाठी.

वेण्णाकाठ

मिळालेल्या माहितीवरून असे ठरवत आहोत : हेस्टिया, प्रत्येक संस्थेला वेगळे खाते, पॅनेलचे पोर्ट वायरगार्डच्या आत, ड्रुपलसाठी शाईपेन यांनी सांगितलेली फोल्डरांची पद्धत, आणि बोर्गसाठी दुसऱ्या कंपनीकडचा एक लहान सर्व्हर. दुसरा वेब-सर्व्हर पुढील काही वर्षांत येईल असे दिसत नाही. स्थळे हलवण्याचा क्रम कसा ठेवावा, एवढा एकच प्रश्न उरला आहे.

रातकिडा

नुसत्या एचटीएमएलची स्थळे आधी हलवा, कारण त्यांत डेटाबेस नाही आणि वेबसर्व्हर, प्रमाणपत्र, लॉग हे सगळे त्यांच्यावरच तपासून होते. मग वाचनालये, मग शाळा, आणि पतसंस्था शेवटी, त्याही महिनाअखेर टाळून.

प्रत्येक डोमेनचा टीटीएल (डीएनएसचे उत्तर किती वेळ साठवायचे तो काळ) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. आधीचा टीटीएल एक दिवसाचा असेल तर तो संपेपर्यंत जुनेच उत्तर लोकांकडे साठलेले असते, म्हणून ही पूर्वतयारी. डीएनएस फिरवण्याआधी आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा पत्ता घालून स्थळ पाहा, लॉगिन करा, एखादा फोटो चढवून बघा. मग जुन्या सर्व्हरवर वर्डप्रेस देखभाल-अवस्थेत टाका, डेटाबेसचा शेवटचा डंप नव्यावर भरा आणि त्यानंतरच डीएनएस बदला.

मेल मात्र स्थळाबरोबर हलवू नका. आधी स्थळे हलू देत, एमएक्स नोंद (मेल कुठे जायचा ते सांगणारी) जुन्याच सर्व्हरकडे राहू द्या. बहुतेक क्लाउड कंपन्या पोर्ट २५ सुरुवातीला बंदच ठेवतात आणि ते उघडून घ्यायला अर्ज करावा लागतो, तो आजच करून टाका. उघडल्यावर नव्या आयपीची उलट नोंद (आयपीवरून नाव सांगणारी), तसेच मेल खरोखर त्याच डोमेनकडून आला हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी एकेका डोमेनवर लावून जीमेलला मेल पाठवून पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू याबाबतीत फार काटेकोर झाले आहेत. जुन्या खोक्यांतील मेल आयमॅपसिंकने नव्यावर ओढून घ्या, एमएक्स फिरवा आणि दोन दिवसांनी तीच आज्ञा पुन्हा चालवा, म्हणजे मधल्या काळात जुन्या सर्व्हरवर पडलेली पत्रेही येतील. त्यानंतर महिनाभर जुना सर्व्हर बंद करू नका.